सुभेदारसाहेब, बघत राहा असं मी म्हटलेलं नाही

सुभेदारसाहेब, नमस्कार.

तुमचा आक्षेप असा, की ॲरिझोनात पोलिसाला वाचवायला गोळी झाडणाऱ्या माणसाचं मी तोंडभरून कौतुक केलं आणि त्याच लेखात पुण्यात शस्त्रपरवाने सढळ हाताने देऊ नयेत असंही लिहिलं. हा दुटप्पीपणा आहे, असं तुमचं म्हणणं. वर तुम्ही विचारलंत, ‘उद्या माझ्यासमोर कुणी हवालदारावर कोयता उगारला, तर कमरेला परवान्याचं पिस्तूल असताना मी मोबाईलवर शूटिंग करत उभा राहू?’

अजिबात नको. मध्ये पडाच. ऑगस्ट 2024 मध्ये हडपसर भागात भांडण सोडवायला गेलेल्या एका सहायक पोलीस निरीक्षकाच्या डोक्यात कोयता घातला गेला, हे आपण दोघांनीही वाचलंय. ते वाचून तुमचं रक्त खवळलं, तसंच माझंही.

ॲरिझोनाबद्दलचा एक शब्दही मी मागे घेत नाही. 12 जानेवारी 2017, फिनिक्सच्या पश्चिमेचा महामार्ग, पहाटेचा अंधार. उलटलेल्या गाडीजवळ मदतीला थांबलेल्या पोलिसावर दबा धरून गोळीबार झाला. खांद्यात गोळी लागून तो खाली पडला आणि हल्लेखोर अंगावर बसून त्याचं डोकं रस्त्यावर आपटू लागला. तिथून जाणाऱ्या माणसाने गाडी थांबवली आणि आधी त्या पोलिसालाच विचारलं, मदत हवी का? हो म्हटल्यावर गाडीतून पिस्तूल आणलं, हल्लेखोराला थांबायला बजावलं, तो ऐकेना तेव्हाच गोळी झाडली. आणखी एका वाटसरूने पोलिसाच्याच रेडिओवरून मदत मागवली. कोण मारतोय आणि कोण मार खातोय हे तिथे उघड होतं, गणवेश दिसत होता आणि आजूबाजूला गर्दी नव्हती. त्यामुळेच तो पोलीस वाचला.

आता दुसरी घटना. 21 जून 2021, अमेरिकेतल्याच कोलोराडो राज्यातल्या आरवाडा शहराचा जुना बाजार. हल्लेखोराने एका पोलीस अधिकाऱ्याला ठार केलं. शेजारच्या दुकानातून एक नागरिक पिस्तूल घेऊन बाहेर आला आणि त्याने हल्लेखोराला पाडलं. मग त्याने हल्लेखोराची रायफल उचलली. तेवढ्यात जवळच असलेल्या दुसऱ्या पोलिसाला दिसला तो फक्त हातात रायफल घेतलेला माणूस. त्याने गोळी झाडली आणि कित्येकांचे जीव वाचवणारा तो नागरिक पोलिसाच्याच गोळीने गेला. धाडसात तो ॲरिझोनातल्या माणसापेक्षा तसूभरही कमी नव्हता.

हेच आपल्याकडे लावून बघा. पुण्यात रस्त्यावर मारामारी सुरू झाली की अर्ध्या मिनिटात लोकांचं कडं पडतं. मध्ये झटापट, भोवती मोबाईल धरलेले हात, त्यांच्या मागे टपरीवर चहा पिणारी पोरं. हल्लेखोर आणि हवालदार एकमेकांना भिडलेले असतात. तुमचा नेम चुकणार नाही हे मान्य. पण आरपार गेलेली गोळी कुठे थांबणार? शिवाय आपल्या पोलिसांच्या डीबी, म्हणजे गुन्हे शोध पथकातली पोरं साध्या वेशात फिरतात. जीन्स घातलेला माणूस दुसऱ्याला जमिनीवर दाबून मारतोय, त्यातला पोलीस कोणता? आणि मोटरसायकलवरून धावत आलेल्या गस्तीच्या पोलिसाला तुम्ही कोण दिसणार?

कायदा तुमच्या बाजूने आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 35 नुसार दुसऱ्याच्या शरीराच्या बचावाचाही हक्क प्रत्येकाला आहे आणि त्यातून पोलीस वगळलेला नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, ही अट कलम 37 मध्ये आहे. कलम 44 तर असंही म्हणतं, की जीवघेण्या हल्ल्यात निरपराध्याला धोका पत्करल्याशिवाय बचाव शक्यच नसेल, तर तेवढा धोका पत्करता येतो. म्हणजे कोर्टातून तुम्ही कदाचित सुटालही. पण गोळी लागलेल्या पोराच्या आईला ते कलम कोण वाचून दाखवणार?

जून 2023 मध्ये पेरुगेटजवळ कोयता घेऊन एका मुलीच्या मागे लागलेल्या तरुणाला स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी अडवलं. हातात काही नसताना कोयता धरला. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी तर एके-47 ची नळी हाताने धरून ठेवली. कडं करून उभ्या असलेल्या त्या वीस-पंचवीस जणांतले चार जण हेल्मेट, खुर्ची, मिळेल ते घेऊन एकदम पुढे झाले, तर हवालदार सुटतो. माझा राग आहे तो त्या कड्यावर. तुमच्या पिस्तुलावर नाही, साहेब. परवाने वाढवून ते कडं हलणार नाही, उलट त्यातल्या दोघा-चौघांच्या हातात न पेलणारी वस्तू येईल.

तुमच्यासारख्या कसलेल्या माणसावर खरोखरच दुसरा इलाज नसल्याची वेळ आलीच, तर आधी ओरडून बजावा, शेजारच्याला 112 लावायला सांगा आणि तुमच्या अंगावर कोणत्या रंगाचा शर्ट आहे तेही त्याला कळवायला लावा. हल्ला थांबला की पिस्तूल खाली ठेवा, हात मोकळे दिसू द्या आणि हल्लेखोराच्या हत्याराला हात लावू नका. 2016 च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षण सांगितलंय. त्यात हा धडा घालावा, असं निवेदन पोलीस आयुक्तांना द्यायला तुम्ही तयार असाल, तर मसुदा मी लिहितो. पहिली सही तुमची घेऊ.