ड्रुपल ७ वाल्यांचं काय?
'ओपन सोर्सवर साइट एकदा उभी केली की पुढे खर्च नाही', हे ओपन सोर्सबद्दलच्या लेखातलं वाक्य मुळीच पटलं नाही. ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर; त्याला परवान्याचे पैसे लागत नाहीत, एवढंच खरं. आमच्या इंदूरच्या मंडळाची साइट ड्रुपल ७ वर, म्हणजे साइट बनवण्याच्या एका ओपन सोर्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीवर होती. गणेशोत्सवाचे कार्यक्रम, जुन्या स्मरणिका, वधू-वर नोंदणी, सगळं तिच्यावरच. ड्रुपल ७ जानेवारी २०११ मध्ये आलं आणि ५ जानेवारी २०२५ ला त्याचा अधिकृत आधार संपला. तीही मुदत आधी वाढवून मिळालेली. सुरक्षेची दुरुस्ती थांबलेल्या साइटवर लोकांच्या मुलामुलींचे फोन आणि पत्ते ठेवायचे कसे?

आणि ७ वरून १० वर जाणं म्हणजे बटण दाबून अपडेट नव्हे. ८ पासून गाभाच सिम्फनी या तयार कोडसंचाच्या घटकांवर बेतला, थीमसाठी (साइटच्या दिसण्यासाठी) ट्विग ही साचे लिहिण्याची नवी पद्धत आली. म्हणजे थीम नव्याने लिहा, मजकूर मायग्रेट नावाच्या मॉड्यूलने (ड्रुपलला जोडायच्या भागाने) हलवा. आमची साइट बनवणारा मुलगा तोवर नोकरीसाठी पुण्याला गेलेला. आम्ही वापरत होतो त्या एका मॉड्यूलची नवी आवृत्ती निघालीच नाही, कारण सांभाळणारा स्वयंसेवक थांबला. त्याला दोष कसा देणार? आलेल्या तक्रारी वाचून रात्री पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) तपासणाऱ्या अशा माणसांबद्दल लेखात एक ओळही नाही, याचं वाईट वाटलं. मंडपासाठी वर्गणी काढतो तशी मंडळांनी साइटच्या देखभालीची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात करावी, आणि त्यातले थोडे पैसे ड्रुपलच्या कामाला आधार देणाऱ्या ड्रुपल असोसिएशन या संस्थेलाही पाठवावेत.