वाराच येत नाही, त्यात गॅसचा काय दोष?

एप्रिल लागला की एक मजकूर न चुकता फिरायला लागतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यंदा तो तिघांनी टाकला, तिसऱ्याने खाली हात जोडून. त्यातलं सांगणं असं: गाडीचा एसी गार करत नाही म्हणजे गॅस संपला, डबा मागवा आणि घरीच भरा. वास येत असेल तर वारा येतो त्या व्हेंटच्या जाळीतून सुगंधी फवारा मारा. एसीच्या हवेचा फिल्टर नळाखाली धुऊन परत बसवा. हीटर लावू नका, पेट्रोल जळतं. आणि एसीआधी काचा उघडा, नाहीतर डॅशबोर्डमधल्या बेंझीनने कॅन्सर होतो.

घरी दुरुस्ती करायला माझी ना नाही. माझ्या चौदा वर्षं जुन्या हॅचबॅकची निम्मी कामं मी पार्किंगमध्ये बसूनच करतो. म्हणून तर हा मजकूर जास्त खटकतो: जे घरी करू नये ते करायला सांगतो आणि जे सहज जमतं त्याचं नावही घेत नाही.

"गार होत नाही म्हणजे गॅस संपला." गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच तोच फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर तो कुठूनतरी गळतोय. गॅसची उष्णता बाहेर टाकणारा, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर दगड लागून फुटलेला असतो, नाहीतर जोडावरची रबरी रिंग गेलेली असते. गळती न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

पण त्याच्याही आधी व्हेंटसमोर हात धरा. वाराच कमी येतोय, की वारा भरपूर आहे पण कोमट आहे? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि मजकूर लिहिणाऱ्याने त्या एकाच पोत्यात भरल्या आहेत. वारा कमी असेल तर गॅसचा संबंध बहुधा नसतोच. फिल्टर आणि ब्लोअर, म्हणजे वारा फेकणारा पंखा, बघायचा. वारा जोरात पण कोमट असेल तर गॅस, तो दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर किंवा डॅशबोर्डच्या आतली गरम-गार हवा मिसळणारी झडप. सिग्नलला उभं राहिल्यावर कोमट आणि गाडी पळू लागली की गार, असं होत असेल तर कंडेन्सरचा पंखा फिरतोय का ते पाहा.

आता तो डबा. गॅस वजनावर भरतात. बॉनेटखालच्या स्टिकरवर प्रकार आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात. लहान गाड्यांत साधारण 400 ते 500 ग्रॅम. डब्यावरचा काटा फक्त कमी दाबाच्या बाजूचा दाब दाखवतो, आणि तो बाहेरच्या तापमानाप्रमाणे बदलतो. आत किती गॅस आहे हे त्यावरून कळत नाही. जास्त भरला तर दाब वाढतो, गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. बऱ्याच गाड्यांत आर-134ए असतो, काही नव्या गाड्यांत आर-1234वायएफ. एकात दुसरा चालत नाही. शिवाय हातावर उडाला तर कातडी बर्फाने भाजल्यासारखी होते. गॅरेजवाला जुना गॅस काढतो, व्हॅक्यूम करतो म्हणजे नळ्यांतली हवा ओढून काढतो, मग मोजून भरतो. हे काम त्याचंच. फक्त "साहेब, टॉप-अप करून देतो" म्हणाला तर "आधी लीक शोध" म्हणा.

मजकुरात नसलेली, पण घरी खरंच जमणारी गोष्ट सांगतो. ब्लोअर एक, दोन, तीनवर मुकाट आणि चारवर एकदम सुसाट, असं झालं तर ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळला. सगळ्यात वरच्या स्पीडला वीज त्याला वळसा घालून थेट मोटरला जाते, म्हणून तेवढा एक चालतो. अनेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सखाली, ब्लोअरजवळ, दोन स्क्रूंवर बसवलेला असतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, जुना काढा, नवा बसवा. नवाही जळला तर मोटर जड फिरतेय. तापमान आपोआप सांभाळणाऱ्या ऑटोमॅटिक क्लायमेटच्या गाड्यांत मात्र प्रकरण वेगळं. एकही स्पीड चालत नसेल तर आधी फ्यूज. आणि कृपा करून जास्त अँपिअरचा फ्यूज टाकू नका; वायरिंग पेटतं.

डॅशबोर्डमागून टक-टक-टक आवाज येतो आणि वारा एकाच बाजूला जातो, तेव्हा वाऱ्याची दिशा बदलणारी झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे दाते गेलेले असतात. तिथेही गॅस निर्दोष.

"फिल्टर धुऊन वापरा." तो बहुतेक कागदाचा किंवा कागदासारख्या कृत्रिम धाग्यांचा असतो. धुतला की घड्या चिकटतात, ओलाव्यात बुरशी धरते. ग्लव्ह बॉक्स उतरवला की मागे सापडतो; नवा बसवताना बाणाची दिशा पाहा. काही बेस मॉडेलमध्ये फिल्टरच नसतो, नुसती खाच असते. माझा एकदा बाहेर आला तो अर्धा कुरतडलेला, वर टिश्यू पेपर आणि शेंगदाण्याच्या टरफलांचा उंदराचा संसार. वायपरखालच्या, हवा आत घेणाऱ्या जाळीत साठलेला पालापाचोळाही पावसाळ्याआधी काढत जा.

"वासावर फवारा." वास कूलिंग कॉइलवरच्या बुरशीचा. अत्तराने तो झाकतो, जात नाही, आणि पातळ पदार्थ आतल्या वायरिंगवर सांडतो. घर यायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, कॉइल सुकते. गाडीखाली पाणी टपकणं चांगलं लक्षण. तेच पाणी शेजारच्या सीटच्या मॅटवर आलं तर ड्रेन पाइप तुंबलाय. चिकट, गोडसर वासाचं असेल तर तो हीटरमधून गळणारा कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, मग गॅरेज.

"हीटरने पेट्रोल जळतं." जळतं ते एसीने. हीटर इंजिनची वाया जाणारी उष्णता वापरतो. इलेक्ट्रिक गाडीत मात्र तो बॅटरी खातो. घाटात पावसात काच आतून धुरकटली तर एसी आणि गरम हवा दोन्ही लावा, बाहेरची हवा आत घ्या. काच बाहेरून धुरकटली तर वायपर फिरवा आणि काचेवरचा गारवा कमी करा.

बेंझीन. बेंझीनने कॅन्सर होतो हे खरं. पण मजकुरात त्याची मर्यादा "मिलिग्रॅम प्रति स्क्वेअर फूट" दिली आहे. हवेतली वाफ फरशीसारखी स्क्वेअर फुटात कोण मोजतं? डॅशबोर्डमुळे कॅन्सर होतो याला पुरावा नाही. काचा मात्र जरूर उघडा, कारण उन्हातल्या गाडीत आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापलेली असते. काचा खाली, एसी चालू, मिनिटभर गाडी हाकायची. मग काचा वर घेऊन आतलीच हवा फिरवणारं बटण दाबायचं.