आंबोलीला जाताय? तारीख पावसाला विचारा

आंबोलीत पावसाळ्यात बेडूक बघायला जाण्याविषयीच्या एका लेखात ‘जुलै-ऑगस्टला आंबोलीला जा, सगळं दिसेल’ असं लिहिलंय. मलबारी उडत्या बेडकासाठी ठीक, पण आंबोली टोड या छोट्या भेकासाठी तोवर उशीर झालेला असतो. २००९ साली नव्याने नोंदवलेली ही जात मृगाच्या पहिल्या जोरदार सरींबरोबर, मोजके दिवस, जांभ्याच्या सड्यावरच्या (उघड्या खडकाळ पठारावरच्या) उथळ डबक्यांत अंडी घालते. ही डबकी जेमतेम बोटभर खोल असतात. पाण्यात पाय टाकलात तर अंडी चिरडलीच, म्हणून कोरड्या खडकावरूनच फिरा.

उडत्या बेडकाचं पांढऱ्या फेसाचं घरटं पाण्यावर झुकलेल्या पानांना लटकलेलं शोधा. फोटोसाठी फांदी बाजूला ओढू नका. घरटं पाण्यावरून सरकलं, तर पिल्लं पडायची ती कोरड्या जमिनीवर.

लेखातला ‘हाताला ओडोमॉस लावून बेडूक उचला’ हा सल्ला तर घातकच. बेडकाची त्वचा सगळं शोषून घेते. जळवांसाठी लीच सॉक्स घाला, मोज्यांवर तंबाखू चोळू नका.

मलबारी चापडा हा विषारी साप कमरेच्या उंचीच्या फांदीवरही निवांत बसलेला असतो, त्यामुळे हात ठेवण्याआधी टॉर्च मारा. आपल्याकडची नेहमीची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठीच आहे, चापड्यासाठी नाही. दंश झालाच तर चिरणं-बांधणं न करता थेट दवाखाना.

आणि रात्री घाटात गाडी वीसच्या वर नको, रस्ताभर बेडूक बसलेले असतात.