हातभर गुळवेल म्हणजे किती?

दर पावसाळ्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर येणारा मेसेज यंदाही आला. ‘गुळवेलीचा हातभर तुकडा उकळून रोज उपाशीपोटी प्या. इम्युनिटी वाढते, डेंग्यूत प्लेटलेट वाढतात. आयुर्वेदिक असल्याने साइड इफेक्ट शून्य.’ मावशीने लगेच लिहिलं, ‘मी सुरू केलंय.’ म्हणून हा खटाटोप.

आधी ते शून्य. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण भेटले, सगळे गुळवेल घेणारे. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या अनेकांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. जी वाढवायला निघालो तीच! काहींना आधीपासून थायरॉइड किंवा मधुमेह होता. एवढी माणसं काढा पितात, त्या मानाने हा आकडा लहान आहे, हे मान्य. पण शून्य नाही.

आयुष मंत्रालयाने हा दोष गुळवेलीला लावायला नकार दिला. त्यांच्या मते तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा लोकांच्या पोटात गेली असू शकते. सगळ्या रुग्णांचा उलगडा त्याने होतो असं मला वाटत नाही, पण हा मुद्दा तरी मेसेजमध्ये कुठे आहे? आमच्या परसातल्या कडुनिंबावर गुळवेल चढलीय. नखाने खरवडलं की कागदासारखी साल सुटते, खाली हिरवंगार. कांड आडवं कापलं तर आत चाकाच्या आऱ्या दिसतात. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे फोड असतात. पानं मात्र दोघींची बदामी, आणि लोक पान बघूनच वेल तोडतात.

आता ‘आयुर्वेदिक’. चरकाने गुळवेल मेध्य रसायनांत, म्हणजे बुद्धी वाढवणाऱ्या शक्तिवर्धक औषधांत घातली, खरंच मानाची जागा. पण असं रसायन घेण्याआधी शरीरशोधन, म्हणजे शरीर आतून साफ करणं सांगितलंय, ते कोण करतं? आयुर्वेदिक औषधकोशात मात्राही दिलेली आहे: चूर्ण ३ ते ६ ग्रॅम, काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम. हातभर तुकडा म्हणजे किती ग्रॅम? करंगळीएवढा जाड की अंगठ्याएवढा? कोविडच्या काळात आयुषनेही गुळवेल १५ दिवस किंवा महिनाभर, नाहीतर वैद्य सांगतील तशी घ्यायला सांगितली होती. ‘रोज’ हा शब्द फॉरवर्ड करणाऱ्यांचा.

डेंग्यूत तर ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांत प्लेटलेट बहुतेकांच्या आपोआपच चढू लागतात. श्रेय त्या दिवशी जे प्यायलं त्याला मिळतं.

मावशी थायरॉइडची गोळी घेते, म्हणून फोन केला. डॉक्टरांना विचारेपर्यंत काढा बंद ठेव, लघवी गडद पिवळी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर थेट रक्त तपासून घे, असं सांगितलं. तिला वेगळीच काळजी. ‘अरे, बाजारातून जुडी आणलीय, तिचं काय करू?’ म्हटलं, दोन पेरं मातीत जातील अशी कुंडीत खोच, फुटेल.