पासबुक आणि उधारी

चंदू बसायच्या आधीच सुरू झाला. "सरकारी दवाखान्यात औषधं नाहीत म्हणे! आरोग्याला जीडीपीच्या अडीच टक्के! २०१७च्या आरोग्य धोरणात लिहिलंय, २०२५पर्यंत देणार. दिले? मग औषधं काय आभाळातून पडणार?"

चंदूचं उत्तर टक्क्यांतच येतं. खड्ड्यांचा विषय निघाला तरी.

"अडीचवर काय रडतोस," मास्तर म्हणाले. "कोठारी आयोगाने शिक्षणाला सहा सांगितले, १९६६ साली. अजून वाटेवर आहेत."

मंग्या सरकारी औषध भांडारातला माणूस. तो चहा संपवून बोलला. "पैसे मार्चमध्ये येतात रे. २५ला बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणकावर, निधी दिसतो, ३१ला ट्रेझरी बंद. सहा दिवसांत टेंडर तू काढणार?"

"म्हणून तर २०१७ला सगळी औषधखरेदी सरकारच्या हाफकिन महामंडळाकडे दिली ना?" सुन्या.

"मागणी एकाची, पैसा दुसऱ्याचा, खरेदी तिसऱ्याची," मंग्या म्हणाला. " नांदेडच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात इतके रुग्ण दगावले, तेव्हा सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते. आता २०२३च्या कायद्याचं औषधखरेदीचं वेगळं प्राधिकरण आलंय. पण मागणीच चुकली तर प्राधिकरण काय करेल? आपण मागच्या वर्षीचं वाटप बघून आकडा टाकतो. ओआरएस चार महिने नव्हतं, तर चार महिने वाटप शून्य. म्हणजे ज्याचा तुटवडा, त्याचीच पुढच्या वर्षी मागणी कमी! माल होता त्या आठ महिन्यांची सरासरी काढून बाराने गुणा ना. पाचवीचं गणित आहे."

"पाचवीत तू गणितात नापास होतास," मास्तर. त्यांनीच केला होता.

"तमिळनाडूने १९९४ला औषधखरेदीचं महामंडळ काढलं," मंग्याने विषय पुढे नेला. " जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम, प्रत्येक दवाखान्याला पासबुक. वर्षाची रक्कम त्यात जमा. डॉक्टरला जे लागतं ते उचलायचं, तेवढी रक्कम वजा. नको ते गळ्यात मारत नाहीत. प्रत्येक बॅचचा नमुना कंपनीचं नाव झाकून लॅबला जातो. पास झाला तरच माल गोदामातून हलतो."

"ते तिकडचे लोकच वेगळे!" चंदू. "आपल्याकडे सरळ विमा. पाच लाखांचं कार्ड आहेच की!"

"कार्ड अ‍ॅडमिट झाल्यावर चालतं. बीपीची गोळी रोज लागते. ती रोज मिळाली तर तुझं कार्ड खिशातच राहील."

चंदू गप्प. मग एकदम, "पण टेंडरला कंपन्या येत का नाहीत, ते सांग!"

"जुनी बिलं थकलेली असतात म्हणून. दोन टेंडरं रिकामी गेली की तिसऱ्याला एकटाच येतो, दर त्याचा. माल कसा, तर मुदतीचे पाच महिने उरलेला. भांडारात उतरवून घेतानाच तारीख बघून परत पाठवायला हवा, पण स्टॉक शून्य असताना परत पाठवायची छाती कुणाची?"

सुन्याने हात वर केला. "शंकर, अजून चार कटिंग!"

शंकर स्टोव्हजवळून हलला नाही. "आधीचे एकशे चाळीस."

"बघ," मंग्या चंदूकडे वळला, "आलं का कोणी टेंडरला?"

मास्तरांना ठसका लागला. चंदू म्हणाला, मार्चमध्ये देतो.