तोबरा बांधला की नासाडी थांबते का?

तोबरा म्हणजे चंदी, अर्थात घोड्याचा धान्याचा खुराक, भरून त्याच्या तोंडाला बांधायची पिशवी. घोडे पाळणाऱ्यांमध्ये सध्या तिच्याबद्दल एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘चंदी जमिनीवर किंवा गव्हाणीत टाकणं म्हणजे निव्वळ नासाडी. तोबरा चढवा, एक दाणा वाया जाणार नाही. घोडा सावकाश खाईल, माती पोटात जाणार नाही. गवतही बारीक कापून तोबऱ्यातच द्या. तोबरा बांधा आणि निर्धास्त आपल्या कामाला लागा. सैन्यातले घोडे पिढ्यान्‌पिढ्या असेच खात होते.’

तोबरा मीही वापरतो. माझ्या तबेल्यात खुंटीला तीन तोबरे टांगलेले आहेत आणि ते नुसते शोभेचे नाहीत. म्हणूनच हा मजकूर वाचून गप्प बसवेना. यातलं एक वाक्य घोड्याच्या जिवावर बेतू शकतं, आणि तेच सगळ्यांत सहजपणे लिहिलेलं आहे. त्याकडे येतोच, पण आधी दाण्यांचा हिशेब.

‘एक दाणा वाया जाणार नाही.’ तोबरा बांधल्यावर पहिली काही मिनिटं हे खरं वाटतं. चंदी ओठांना लागत असते, घोडा शांतपणे खातो. मग पातळी खाली जाते. ओठ तळाशी पोचेनात की घोडा मान झटकून तोबरा वर उडवतो, दाणे तोंडाशी यावेत म्हणून. दोन-तीन झटक्यांत काही दाणे काठावरून बाहेर उडतात आणि कोंड्याची भुकटी डोळ्यांत जाते. यावर उपाय आहेत. अर्धं खाऊन झालं की पट्टा दोन भोकं आवळायचा, म्हणजे तोबरा वर येतो. नाहीतर घोड्याला मान जमिनीपर्यंत नेता येईल इतकी दोरी मोकळी ठेवायची, म्हणजे तोबऱ्याचा तळ जमिनीला टेकतो आणि दाणे आपोआप ओठांशी येतात. हे घोडे चटकन शिकतात. पण पट्टा आवळायला माणूस जवळ लागतो, आणि मजकूर तर त्याच माणसाला दुसरीकडे पाठवतो.

तरी समजा, एरवी खाली सांडणारी मूठ-दोन मुठी चंदी तोबऱ्याने खरंच वाचली. घोड्याच्या एकूण खाण्यात चंदी असते किती? 500 किलोच्या घोड्याला दिवसाकाठी वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साडेसात ते दहा किलो कोरडा चारा लागतो. हलकं काम करणाऱ्या कितीतरी घोड्यांचं नुसत्या चांगल्या गवतावर आणि क्षारांवर उत्तम भागतं. नासाडी होते ती या गवताची. घोडा ते पायाखाली तुडवतो, त्यावर मुततो, त्यावरच बसतो, आणि मग त्याला तोंड लावत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने हे मोजून पाहिलं आहे. लहान चौकोनी गठ्ठ्यांचं गवत उघड्यावर नुसतं जमिनीवर टाकलं तेव्हा 13 टक्के वाया गेलं. रॅकमध्ये ठेवल्यावर 5 टक्के, टोपलीसारख्या चौकटीत 3 टक्के आणि फटींतून ओढून खायला लावणाऱ्या पेटीत जेमतेम 1 टक्का. मोठ्या गोल गठ्ठ्यांचे आकडे तर डोळे उघडणारे आहेत. भोवती काहीच न लावता गठ्ठा ठेवला तेव्हा 57 टक्के गवत वाया गेलं, आणि वेगवेगळ्या पिंजऱ्यांत हेच प्रमाण 5 ते 33 टक्क्यांपर्यंत खाली आलं.

दहा किलो गवतातले 13 टक्के म्हणजे दिवसाला एक किलो 300 ग्रॅम, तेही एका घोड्यामागे. ज्याला खरोखर नासाडी थांबवायची आहे त्याने आधी गवतासाठी चौकट करावी किंवा बारीक डोळ्यांची जाळी आणावी. तोबऱ्याचा क्रम त्यानंतर.

याहून मोठी नासाडी जमिनीवर दिसतच नाही, कारण ती घोड्याच्या पोटात जाते. आपण चंदी डब्याने मोजतो. एक लिटरच्या डब्यात ओट साधारण अर्धा किलो बसतात, मका पाऊण किलोच्या आसपास. धान्य बदललं आणि डबा तोच ठेवला तर वजन दीडपट होतं, आणि मक्यात स्टार्चही ओटपेक्षा बराच जास्त. एका वेळच्या खाण्यात घोड्याच्या वजनाच्या दर किलोमागे 1 ग्रॅमच्या आत स्टार्च असावा असं पशुआहाराचे जाणकार सांगतात. 500 किलोच्या घोड्याला हे माप सुमारे सव्वा किलो ओटमध्येच भरतं. त्याहून जास्त झालेला स्टार्च लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, आणि तिथून पोटशूळ व खुरांचा दाह या दोन्ही वाटा उघडतात. अख्खा मका दिला तर त्याचे दाणे लिदीत जसेच्या तसे सापडतात. तोबऱ्यातून एकही दाणा सांडला नाही तरी हे सगळं वायाच गेलेलं असतं. वजनकाटा घेऊन एकदा आपला डबा मोजा, कुठल्याही तोबऱ्यापेक्षा त्याने जास्त वाचेल.

गवत कापून तोबऱ्यात देण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. घोड्याचं जठर लहान, साधारण 8 ते 15 लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास झिरपत असतं. ते शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. घोड्याची घडण दिवसातले कितीतरी तास चरत राहण्याची आहे. इतका वेळ तोंडाला पिशवी बांधून ठेवायची कशी? चंदीत कुट्टी, म्हणजे बारीक कापलेला चारा, मिसळायला तोबऱ्यात जरूर वाव आहे, पण गवताची जागा गव्हाणीत आणि जाळीतच.

‘घोडा सावकाश खाईल.’ एक किलो गवत चावून संपवायला घोड्याला सुमारे 40 मिनिटं लागतात, एक किलो ओटला 10 मिनिटं. हा फरक चाऱ्याच्या पोतामुळे पडतो, भांड्यामुळे नाही. हावरा घोडा तोबऱ्यातही हावराच राहतो. उलट दाण्यांचा ढीग थेट ओठांशी असल्यामुळे एकेक घास मोठा भरतो. आपल्या भाषेत तोंडात कोंबून भरण्याला तोबरा भरणं म्हणतात, ते उगाच नाही. सावकाश खायला लावायचं तर चंदी पसरट भांड्यात पातळ पसरावी, त्यात तोंडात मावणार नाहीत असे दोन-चार मोठे गुळगुळीत गोटे ठेवावेत किंवा मूठभर कुट्टी मिसळावी.

घाईने खाणाऱ्या घोड्याच्या अन्ननळीत घास अडकतो. ती नळी जवळजवळ दीड मीटर लांब असते आणि घोड्याला उलटी करता येत नाही. घास अडकल्याची पहिली खूण म्हणजे नाकपुड्यांतून लाळेबरोबर चघळलेलं खाद्य येणं. आता विचार करा, नाक तोबऱ्यात असताना ही खूण कोणाला दिसणार? घोडा मान ताणतो, खोकतो, खायचं थांबतो, आणि दुरून बघणाऱ्याला वाटतं की पोट भरलं. ज्या घोड्याला हा त्रास एकदा होऊन गेला आहे त्याला मी तोबरा बांधत नाही.

‘माती पोटात जाणार नाही.’ हे बरोबर आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. वाळूवर चंदी टाकली की दाण्यांबरोबर वाळू जाते, ती मोठ्या आतड्यात साचते आणि त्यातून उठणारा पोटशूळ वाईट असतो. रेताड जमिनीवर, प्रवासात, मुक्कामाच्या ठिकाणी तोबऱ्यासारखी सोय नाही. कळपात प्रत्येकाला त्याच्या मापाचं मिळावं, एकाचं औषध दुसऱ्याने खाऊ नये, यासाठीही तो उत्तम. माझे तीन तोबरे याच कामासाठी आहेत.

पण मजकूर पोटाची काळजी घेताना फुप्फुसं विसरला. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, माणसासारखा तोंडाने घेऊ शकत नाही. कोरडी चंदी, तिची भुकटी आणि नाक एकाच पिशवीत असलं की प्रत्येक श्वासाबरोबर ती धूळ आत जाते. दम्याची प्रवृत्ती असलेल्या घोड्याला याचा त्रास लगेच जाणवतो. चंदीवर पाण्याचा हबका मारून हात फिरवला तरी धूळ बरीच बसते. तोबऱ्याला नाकपुड्यांच्या पातळीवर जाळी किंवा मोठी भोकं हवीतच. जाड कापडाचा बंद तोबरा भिजला की कापड नाकपुड्यांना चिकटतं, म्हणून तसला तोबरा मी घरातही ठेवणार नाही.

आता ते वाक्य. ‘तोबरा बांधा आणि निर्धास्त आपल्या कामाला लागा.’

चंदी संपल्यावर घोड्याला तहान लागते. तोबरा बांधलेला मोकळा घोडा सवयीने हौदाकडे जातो आणि तोंड पाण्यात घालतो. पाणी आत शिरतं. तो मान वर करतो तेव्हा पाण्याने भरलेली पिशवी त्याच्या नाकाभोवती बांधलेली असते, श्वासाची दुसरी वाट नसते आणि कानामागचा पट्टा त्याला काढता येत नाही. घोडा हौदाशेजारी कोरड्या जमिनीवर उभ्या-उभ्या बुडून मरू शकतो. काही तोबऱ्यांच्या तळाला जाळी असते ती पाणी निथळावं म्हणूनच. पण भिजलेली चंदी आणि कोंडा त्या जाळीवर लगद्यासारखे बसतात, त्यामुळे जाळी आहे म्हणून घोडा पाण्याजवळ सोडणं हा जुगारच आहे.

दुसरा धोका पट्ट्याचा. घोडा डोकं खांबावर घासतो, तोबरा खिळ्यात, कडीत, कुंपणाच्या तारेत अडकतो, आणि अडकलेला घोडा मागे ओढतो. पट्टा तुटला नाही तर मान दुखावते. म्हणून पट्ट्यात एखादा भाग मुद्दाम कच्चा हवा, पातळ चामड्याचा किंवा जोर आला की सुटणारा. न तुटणारा नायलॉनचा पट्टा ‘मजबूत’ म्हणून विकला जातो, तो घेऊ नका. तोबरा चढवण्याआधी लगाम काढायचा. कळपात तोबरे चढवायचे तर सगळ्यांना एकदम, नाहीतर बांधलेल्याच्या मागे बाकीचे लागतात. सगळं मिळून 15-20 मिनिटांचं काम असतं, तेवढा वेळ तिथेच थांबायचं. मी त्या वेळात खरारा करतो किंवा खुरं बघतो. चंदी संपली की तोबरा लगेच उतरतो.

सैन्याचा दाखला याच ठिकाणी उलटा पडतो. घोडदळात आणि तोफा ओढणाऱ्या घोड्यांसाठी तोबरा हे नेमून दिलेलं सामान होतं, हे खरं. पण तिथे घोडे ओळीने बांधलेले असत, आधी पाणी पाजून मग चंदी दिली जाई, आणि प्रत्येक ओळीवर माणसं असत. तोबरा चढवणं आणि उतरवणं हे हुकमाने चालणारं काम होतं. तोबरा चढवून घोड्यांना मोकळं सोडण्याची ती पद्धत नव्हती. शिवाय सैन्याने तोबरा वापरला तो मुक्कामावर गव्हाण नसे म्हणून. ज्याच्याकडे गव्हाण आहे त्याला हा दाखला लागू होत नाही.

मजकुरात नसलेल्या दोन गोष्टी राहिल्या. एक तोबरा एकाच घोड्याचा. स्ट्रँगल्ससारखा गळ्याच्या गाठींचा रोग नाकातल्या स्रावातून सामाईक भांड्यांवाटे पसरतो, आणि तोबऱ्याइतकं नाकाला चिकटणारं दुसरं भांडं नाही. तो रोज उलटा करून धुवायचा आणि उन्हात वाळवायचा. शिवणीत अडकलेला ओला दाणा एका रात्रीत आंबतो आणि मग बुरशी धरतो.

दुसरी गोष्ट मी माझ्या घोडीकडून शिकलो, आणि शिकायला उशीर झाला. ती वयस्कर आहे. चंदी खाताना तिच्या पुढ्यात बरेच दाणे पडायला लागले, काही अर्धवट चावलेले, लाळेने चिकटलेले. मला ती नासाडी वाटली. मी तोबरा बांधला आणि जमीन स्वच्छ झाली, मला समाधान वाटलं. दीड महिन्याने खरारा करताना हाताला फासळ्या लागल्या. पशुवैद्यांनी तोंड उघडून पाहिलं. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या झाल्या होत्या, गालाला आतून जखमा होत्या. घोड्याचे दात वर्षाला दोन-तीन मिलीमीटर वर येत राहतात. ते सारखे झिजले नाहीत की टोकं उरतात, आणि मग चावताना घास तोंडातून गळतो. पुढ्यात पडलेले ते दाणे तिचं दुखणं सांगत होते, आणि मी त्यांनाच पिशवीत झाकलं होतं.

दातांना कानस मारून घेतली. जखमा भरल्यावर ती पुन्हा नीट चावू लागली, अंगही धरलं. आता तिला चंदी पसरट टोपल्यात, भिजवून, रबराच्या चटईवर ठेवून देतो. ती खाऊन बाजूला झाली की टोपलं उचलायच्या आधी वाकून चटई बघतो.