राज्यसभा बंद करून काय मिळणार?
"राज्यसभा म्हणजे लोकसभेला पडलेल्यांची सोय, बंदच करून टाका" असं लेखात म्हटलंय, अर्धं पटलं भावा पण अर्धं न्हाई. सोय तर हायच, आम्ही कोल्हापूरकरांनी २०२२ ला बघितलंय की, राज्यसभेच्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या सहाव्या जागेला दोन्ही उमेदवार आपल्याच गावचे, धनंजय महाडिक आणि संजय पवार, आणि मतं टाकणार मुंबईत आमदार, आपण रात्रभर टीव्हीसमोर, निकाल पहाटे! जोतिबाच्या यात्रेलापण एवढं जागलो नव्हतो.

पण खरं बिघडलंय ते २००३ पासून. त्याआधी ज्या राज्यातून निवडून जायचं तिथला मतदार असावं लागायचं, ती अटच काढली, आता कुणीबी कुठूनबी, मग राज्याचा प्रतिनिधी म्हणायचं कशाला? त्यात मत पक्षाच्या एजंटला दाखवून टाकायचं, म्हणजे आमदाराचं डोकं घरी ठेवलं तरी चालतंय.

तरीपण बंद करू नका राव. मनी बिलावर (म्हणजे कर आणि सरकारी खर्चाच्या विधेयकावर) राज्यसभेचं काय चालत न्हाई, १४ दिवसांत परत पाठवायचं एवढंच, पण घटनादुरुस्ती त्यांच्याशिवाय होत न्हाई आणि लोकसभा बरखास्त झाली तरी हे सभागृह राहतंय. आधी ती रहिवासाची अट परत आणा, बाकीचं मग बघू.